मामा तलाव इंग्रजांनी नाही बांधले, मोठेबाबा

परवा रात्री मोठेबाबांचा फॉरवर्ड आला. 'वैनगंगा खोऱ्याच्या सिंचनाचा खरा इतिहास', खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि त्यांची स्वतःची ओळ : "वाच रे बापू, आपल्याले हे कोणी सांगतलंच नाही." हाच मजकूर सोयऱ्यांच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला, तेव्हा मी गप्प बसलो. पण ज्या माणसाने उभा जन्म तलावाच्या पाण्यावर धान काढला, त्यानेच हे पुढे ढकलावं?

मजकूर थोडक्यात असा. इंग्रजांच्या आधी इथे सिंचन नव्हतंच, मालगुजारी (गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या ताब्यातले) तलाव त्यांनी बांधले. नंतर काही झालं नाही, कारण इथला शेतकरी आळशी. वैनगंगेवरचं गोसेखुर्द धरण रखडलं ते धरणग्रस्तांच्या आंदोलनांमुळे. आणि आता गोसेखुर्दचं पाणी आलं, तेव्हा जुने तलाव बुजवून जागा गावाच्या कामी लावा.

पहिल्या दाव्याचा पुरावा काय, तर मालगुजारी पद्धत इंग्रजांची, म्हणून मालगुजारी तलावही इंग्रजांचे. अरे, गावची विहीर जिल्हा परिषदेच्या यादीत आहे म्हणून ती जिल्हा परिषदेनं खोदली का? 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, तेव्हाचं हे कागदावरचं नाव. तलाव कोणाच्या ताब्यात होता एवढंच ते सांगतं, त्याची पाळ, म्हणजे बांध, कोणी घातली ते नाही. नागपूरचं राज्य खालसा झालं 1854 मध्ये. नवेगाव बांधचा तलाव त्याच्या कितीतरी आधीचा, आणि तो कोलू पाटील कोहळीने बांधला हे आमच्याकडे शाळकरी पोरगंही सांगते.

आपल्या लोकांवर भरवसा नसेल तर इंग्रजाचं ऐका. आर. व्ही. रसेल या अधिकाऱ्याने रायबहादूर हीरालाल यांच्या मदतीने मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड लिहिले, 1916 मध्ये छापले. त्यात कोहळ्यांची नोंद आहे. भंडारा-चांद्याकडचे (चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर) तलाव या समाजाचं काम, असं तो लिहितो. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीहून आणलं ही दंतकथाही देतो. काशीचं जाऊ द्या, मला ती गोष्ट नंतर जोडलेली वाटते. पण तलाव इंग्रजांचे असते तर इंग्रज अधिकारी त्यांचं श्रेय कोहळ्यांना कशाला देता? त्या काळात एकट्या भंडारा जिल्ह्यात (तेव्हा गोंदिया त्यातच) साडेतीन हजारांवर लहानमोठे तलाव मोजले गेले होते.

इंग्रजांनी काहीच केलं नाही असंही नाही, तेवढं मान्य. आसोलामेंढा, घोडाझरी, रामटेकजवळचं खिंडसी, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनंतर सरकारने बांधलेले. हजारांतले मूठभर.

आळशीपणावर काय बोलायचं? दांडेकर समितीने 1984 मध्येच विदर्भाचा सिंचन अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या मानाने राहिलेली तूट, मोजून ठेवला आहे. तो सरकारी खर्चाचा हिशेब आहे, कोणाच्या झोपेचा नाही. गोसेखुर्दचं भूमिपूजन राजीव गांधींनी 22 एप्रिल 1988 ला केलं, मूळ अंदाज 372 कोटींचा. पुढे खर्च 18 हजार कोटींच्या वर गेला. कालव्यांच्या निविदांवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे दाखल केले ते ठेकेदार आणि अधिकाऱ्यांवर, धरणग्रस्तांवर नाही. 1980 च्या वन कायद्यात आणि झुडपी जंगलाच्या (कागदोपत्री जंगल ठरलेल्या झुडपी जमिनींच्या) घोळात विदर्भातले प्रकल्प अडकले हे खरं, पण ते या मजकुरात नाहीच.

खरी चीड येते ती शेवटच्या दाव्याची. आमचं गाव सडक अर्जुनी तालुक्यात. गोसेखुर्द पवनीजवळ, आमच्या कितीतरी खाली. त्याचे कालवे भंडाऱ्याचा खालचा भाग, नागपूर आणि चंद्रपूरकडे जातात. गोंदिया जिल्हा लाभक्षेत्रात नाही. त्याचं पाणी आमच्या बांधात यायचं तर वैनगंगेला उलटं वाहावं लागेल! आणि ज्यांच्याकडे ते पाणी जातं तिथे तरी काय आहे? 99 किलोमीटरचा उजवा कालवा शेवटी आसोलामेंढ्याच्या जुन्या तलावातच जाऊन पडतो. म्हणजे एवढ्या मोठ्या धरणालाही तलाव लागतो, आमच्या गावाला मात्र नको.

तलावात गाद आहे, बेशरमाची झुडपं माजली आहेत, हे मी नाकारत नाही. पाळ सरकारची झाली, गाद काढायला मात्र मालक उरला नाही. म्हणून बुजवायचा? आमच्याकडे वरच्या तलावाचा ओसंडा खालच्यात येतो, त्याचा त्याच्या खालच्या बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत. एक बुजवला की खालचे सगळे उपाशी. पावसाने खंड दिला, पऱ्हे (धानाची रोपं) पिवळे पडू लागले की कोणता कालवा येणार आहे? मासे धरणाऱ्या ढिवरांची मासोळी, आसपासच्या विहिरींचं पाणी, गुरांचं पिणं, याचा तर मजकुरात उल्लेखही नाही. ग्रामपंचायतीत मात्र 'प्लॉट' हा शब्द निघून गेला आहे.

काल मोठेबाबांना फोन केला. विचारलं, रोवणीच्या दिवसात तुडुमावर, तलावाचं पाणी सोडायच्या तोंडावर, रात्रभर कोण बसायचं?

"मीच तं बसत होतो."

मग हा मजकूर कोणाकोणाला पाठवला? अकरा जणांना म्हणाले. नावं मागवली आहेत, हे सगळ्यांना जाणार.