'द' कुठे गेला?

तारकर्लीपासून गुहागरपर्यंत होमस्टेच्या पाट्यांवर तेच: 'स्टे बाय सी'. अहो, 'बाय सी' म्हणजे समुद्रमार्गे, बोटीने! समुद्राकाठी म्हणायचं तर 'बाय द सी'. खानावळीच्या मेनूत 'सोलकढी ऑन हाउस'. फुकट देताय ना? मग 'ऑन द हाउस' लिहा. मराठीत आर्टिकलच, म्हणजे इंग्रजीत नामाआधी लागणारा 'द'सारखा छोटा शब्दच, नाही, त्यामुळे गळलेला 'द' कानाला खटकत नाही, हे मान्य. पण मग नको तिथे का कोंबता? 'इन द फ्रंट ऑफ जेटी'! समोर म्हणजे नुसतं 'इन फ्रंट ऑफ'. मध्ये 'द' घातला की अर्थ होतो जेटीचाच पुढचा भाग, म्हणजे गिऱ्हाईक थेट टोकाला. वाक्प्रचार आर्टिकलसकट अख्खा पाठ करायचा असतो. पाटी रंगवायला देण्याआधी शब्दकोश उघडायला दोन मिनिटं लागतात, दोन मिनिटं!