आबाजीची तार

दिवाळीची साफसफाई निघाली का आमच्या घरी कोणाचं ना कोणाचं वाजतेच. यावर्षी आईनं मले मागच्या खोलीत धाडलं, म्हणे तेवढी आबाजीची तार काढून फेक. तार म्हणजे टेलिग्राम नाही बाप्पा, आड्याले टांगलेली लोखंडी तार, जिच्यात आबाजीनं आयुष्यभराची पोस्टकार्डं, लाइटबिलं अन मनीऑर्डरच्या पावत्या टोचून ठेवल्या होत्या. गुपचूप उकिरड्यावर टाकायची तं मी वाचत बसलो, तेही मोठ्यानं.

सगळ्यात जास्त कार्डं हिंगणघाटच्या आत्याची. १५ पैशाच्या कार्डात बाईनं अख्खं सासर कोंबलेलं, 'इकडील सर्व खुशाल' म्हणून सुरुवात अन मग जावेचं बोलणं, सरकीचा भाव, पोट्ट्याचा खोकला, जागा संपली तं आडव्या मजकुरावर उभं लिहिलेलं. पिनकोड १९७२ लाच आला होता, पण त्या सहा खान्यांत आत्याचे 'लहानांस आशीर्वाद' बसलेले.

एका कार्डाले कोपराच नव्हता. आई सांगे का कोपरा फाटलेलं कार्ड पाहून आजीनं न वाचताच हंबरडा फोडला, कारण तसं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं, शेजारच्या बाया पदर तोंडाले लावून जमल्या, अन पोस्टमन बिचारा (तो सगळ्यांची कार्डं रस्त्यानं वाचतच यायचा) दारातून वरडून राहिला, अवो माय, म्हैस व्याली, वगार झाली! कोपरा उंदरानं खाल्ला असन.

मग काकाचं कार्ड निघालं, 'धाकट्याला गणितात पुन्हा १९ गुण पडल्याचे कळले.' धाकटा म्हणजे आमचे बाबा, ज्यायनं माह्या प्रत्येक रिझल्टले आपला फर्स्ट क्लास काढला. बाबा चहा अर्धाच ठेवून उठले, म्हणे वावरात लाईन आली असन, मोटर लावून येतो.

इथं थांबाले पाहिजे होतं. पण पुढचं कार्ड १९८३ चं, आजीच्या पाणी भरायच्या पितळी गुंडाचं. त्या गुंडापायी आई अन आत्या अजूनही एका पंगतीत बसत नाहीत. आत्यानं लिहिलं होतं, 'गुंडाचे म्हणाल तर तो वहिनीकडे', मग तारेचं भोक, मग 'आहे'.

आई म्हणे तिथं 'मागितला' असन. फोन स्पीकरवर लावला तं आत्या म्हणे 'दिला' लिहिलं होतं, माहं अक्षर मले समजत नाही काय! फोटो पाठव म्हणे. पाठवला. तिनं भोक झूम करून पाह्यलं. आईनं मले कार्ड उजेडात धराले लावलं, भोकात किती अक्षरं मावतात ते मोजाले लावलं, अन त्या गडबडीत गंजकी तार माह्या अंगठ्यात घुसली.

सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलो तं तार परत आड्याले टांगलेली. आईनं माह्या हातची दवाखान्याची चिठ्ठी घेतली अन तारेत टोचून टाकली.