ब्रायटनचा ‘दीडशे वर्षं न हललेला’ पूल

घरच्या ग्रुपवर तो फोटो परवा तिसऱ्यांदा आला. राखाडी समुद्र, त्यात लोखंडाचा काळा सांगाडा आणि खाली मजकूर: ‘इंग्लंडमधील ब्रायटनचा पूल, १८६६. एक पैसाही देखभाल न करता दीडशे वर्षं उभा. वादळं झाली, महायुद्ध झालं, तसूभर हलला नाही. गोरे लोक वारसा जपतात. आपल्याकडे उद्घाटनाआधीच खड्डे!’ खड्ड्यांवरून मी भांडणार नाही. बाकीचं बघू.

पहिलं म्हणजे तो पूल नव्हे, पिअर आहे, म्हणजे समुद्रात शिरलेला फिरण्याचा धक्का. पूल पलीकडे पोचवतो. ब्रायटनचा वेस्ट पिअर समुद्रात सुमारे ३४० मीटर जाऊन संपायचा. पाय न भिजवता समुद्रावर फिरायचं, बँड ऐकायचा, परत यायचं, त्यासाठी तिकीट काढायचं. युजीनिअस बर्च नावाच्या इंजिनिअरने तो आखला. पुढे टोकाला नाट्यगृह आलं, १९१६ मध्ये मधोमध कॉन्सर्ट हॉल.

‘देखभाल न करता’ हे तर धादांत खोटं. खाऱ्या पाण्यात लोखंड कुठे सडतं हे कोकणातल्या जेटीवर कुणालाही विचारा. कायम पाण्याखाली असलेला भाग त्या मानाने बरा राहतो. भरती-ओहोटीच्या मधला, रोज भिजणारा नि वाळणारा पट्टा आणि त्याच्या वरचा, लाटांचे तुषार झेलणारा भाग आधी जातो. तिथला गंज खरवडायचा, रंग द्यायचा, खाल्लेला तुकडा बदलायचा, आणि संपलं की पहिल्या टोकापासून पुन्हा सुरू. तिकिटं खपत होती तोवर वेस्ट पिअरला हा खर्च परवडला. दुसऱ्या महायुद्धानंतर धंदा बसला. १९७० मध्ये समुद्राकडचं टोक बंद झालं, १९७५ मध्ये सगळाच पिअर. म्हणजे हात फिरत होता तोवर शंभरावर वर्षं टिकला आणि हात थांबल्यावर तीस वर्षांच्या आत कोसळला. फॉरवर्ड नेमकं उलट सांगतं.

महायुद्धाचं म्हणाल, तर जर्मन सैन्य त्यावरून उतरू नये म्हणून इंग्रजांनीच मधल्या फळ्या काढून टाकल्या होत्या. वादळांनीही सोडलं नाही. १९८७ च्या मोठ्या वादळाने तो खिळखिळा केला, १९९१ मध्ये किनाऱ्यालगतचा भाग धोकादायक म्हणून पाडला. उरलेलं समुद्रात एकटं पडलं. डिसेंबर २००२ मध्ये त्यातलाही एक भाग लाटांनी खाली आणला. मग २८ मार्च आणि ११ मे २००३, अशा दीड महिन्यात दोन आगी. कुणीतरी लावल्या असा दाट संशय, शिक्षा कुणालाच नाही. फोटोतला सांगाडा हे त्या आगीतून उरलेलं लोखंड आहे. फोटो मोठा करून बघा, चालायला एक फळी सापडते का.

आता ‘वारसा जपतात’. कागदावर जपतात, हे खरं. १९८२ मध्ये त्याला ‘ग्रेड वन’ हा तिथल्या वारसा वास्तूंचा सर्वोच्च दर्जा मिळाला. तो मिळवणारा हा पहिला पिअर. १९९८ मध्ये लॉटरीच्या निधीतून दुरुस्तीसाठी १.४२ कोटी पौंड मंजूर झाले. वाद, अटी, विलंब यांत वर्षं गेली, तेवढ्यात आगी लागल्या, आणि २००४ मध्ये ती आशाही संपली. (सरकारी फाईल कशी फिरते हे आपल्याला नव्याने सांगायला नको.) मग पिअरच्या मुळाशी वर जाऊन शहर न्याहाळायचा १६२ मीटरचा ‘आय३६०’ मनोरा उभा राहिला, नगर परिषदेच्या मोठ्या कर्जावर. त्याच्या कमाईतला वाटा पिअरच्या ट्रस्टला मिळायचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये मनोराच बंद पडला आणि परिषदेवर सुमारे ५.१ कोटी पौंड बुडीत खात्यात टाकायची वेळ आली. त्याच किनाऱ्यावरची मदिरा टेरेस ही बिडाच्या कमानींची लांबलचक रांग २०१२ पासून लोकांना बंद. डागडुजीला हात लागला तो अगदी अलीकडे. आणि वेस्ट पिअरचा शेजारी, १८९९ चा पॅलेस पिअर? तो दिव्यांनी लखलखतोय. पाळणे आणि खेळयंत्रांत पडणारी नाणी त्याचं पोट भरतात, दर्जाचा कागद नव्हे.

‘इंग्रजी बांधकाम’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांना महाडचा सावित्रीवरचा पूल आठवत नाही का? तोही इंग्रजांच्याच काळातला, दगडी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या घेऊन. आय३६० त्यानंतर दोनच दिवसांनी उघडला.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘पण लोखंड चांगलं होतं की नाही?’

होतं, काका. खांब ओतीव बिडाचे होते, खाली स्क्रूसारखी पाती, आणि ते फिरवून फिरवून समुद्राच्या तळात बसवले होते. वसईच्या खाडीवरचा पहिला रेल्वेपूलही त्याच काळात अशाच स्क्रूच्या खांबांवर उभारला होता, तो केव्हाच बदलावा लागला. ब्रायटनचे काही खांब आता किनाऱ्यावर गोलाकार मांडून ठेवलेत. पुढच्या वेळी फोटो त्यांचा टाका.