आरसी हाय, पासिंग न्हाई

काल रविवारी सकाळी डॉकरची, म्हणजे सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या डब्यात भरून चालवायच्या साधनाची, आरसी (पक्क्या आवृत्तीच्या आधीची कच्ची आवृत्ती) टाकायला बसलो. ऑफिसात "कुणीतरी आधी टाकून बघा रे" असं ठरलं की ते कुणीतरी म्हणजे मीच असतो. काम दोन मिनिटांचं, सॉफ्टवेअर जिथनं उतरतं त्या रिपॉझिटरीच्या ओळीत स्टेबल पुसून टेस्ट लिहायचं आणि अपडेट मारायचा. तेही ऑफिसच्या मशीनवर नाही, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर, ज्याची एक बिजागरी चिकटपट्टीवर जगतीय. प्रॉडक्शनचा काही संबंधच नाही म्हटलं.

तेवढ्यात शेजारचे अण्णा पेपर मागायला आले. शिरोली एमआयडीसीतनं कास्टिंग भरून गाड्या पळवण्यात ह्यांची हयात गेली, आता गुडघ्यामुळं घरी असतात, म्हणजे आमच्या घरी.

"काय करायलास?"

"कंटेनर टाकायलोय अण्णा."

"किती फुटी? वीस का चाळीस?"

इथं गप्प बसायचं होतं. पण मला समजावून सांगायची खाज. म्हटलं कल्पना तीच हाय, 1956 साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीननं 58 कंटेनर एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले, तसंच आम्ही सॉफ्टवेअर डब्यात भरतो, कुठल्याबी मशीनवर उतरवता येतं.

"58? एवढ्याचं काय कौतुक. न्हावाशेवाला ये एकदा." मग माझ्याच खुर्चीत बसून, "आत माल काय भरलायस?"

"काय नाही, हॅलो वर्ल्ड म्हणून असतो. चालू होतो, नमस्कार करतो, बंद होतो."

"म्हणजे रिकामी गाडी पळवायलास. डिझेल कुणाचं?"

लाईट बिल मीच भरतो, पण बोललो नाही. अण्णांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण आरटीओत लागणारं प्रत्येक अक्षर ओळखतात.

"हितं आरसी लिवलंय."

"आरसी वन. रिलीझच्या आधीची. चुका निघाल्या की आरसी टू काढतात."

"एका गाडीला दोन आरसी? लेका, आत जाशील. पासिंग झालंय?"

"अहो, त्याच्याच आधीची ही टेस्ट."

"म्हणजे बिनपासिंगची गाडी रस्त्यावर काढलीस."

"रस्त्यावर नाही हो, अंगणातल्या अंगणात फिरवायलोय."

"अंगणात कोण झोपलंय ते बघितलंस काय?"

मी हसलो. दहा मिनिटांत तालमीच्या खजिनदाराचा फोन, "भावा, वर्गणीचं ॲप उघडंना."

गेल्या गणपतीत हौसेनं मीच ते ह्याच लॅपटॉपवर चढवलं होतं आणि साफ विसरलो होतो. अपडेटात डेमन, म्हणजे मागं चालणारा डॉकरचा मुख्य प्रोग्रॅम, रीस्टार्ट झाला, ॲपचा चालू कंटेनर बंद पडला, आणि रीस्टार्ट पॉलिसी मी कधी लावलीच नव्हती, त्यामुळं तो परत उठला नाही. इथवर ठीक होतं, एका स्टार्ट कमांडचं काम. पण फोन यायच्या आधीच मी जागा मोकळी करायला सिस्टिम प्रून ही साफसफाईची कमांड मारून बसलो होतो. सगळे बंद कंटेनर उडतील अशी पहिलीच ओळ येते त्यात. मी न वाचता वाय दाबलेला. डेटा कंटेनरबाहेर जपणारा व्हॉल्यूम? लावू की नंतर, म्हटलं होतं.

आता मला सांगा, ह्यात ऑफिसचं काय गेलं? रविवार माझा, लॅपटॉप माझा, वर्गणी तालमीची, आणि आज सकाळच्या मीटिंगमध्ये "टेस्टेड" एवढा एक शब्द त्यांचा. त्यावर कुणीतरी अंगठा टाकला. पिवळा.

पावतीपुस्तकं होती म्हणून वाचलो. काल संध्याकाळपासनं तालमीत बसून एकेक पावती परत टाकायलोय, 212 आहेत. वाचून दाखवायला अण्णा. प्रत्येक पावतीला "ह्यो माणूस कोण म्हाईताय काय तुला?" म्हणून त्या माणसाच्या आज्जापासनं सुरू करतात. येणारा-जाणारा दारातनं डोकावून विचारतोय, "काय, पासिंग झालं काय?" हे त्यांना कुणी सांगितलं ते वेगळं सांगायला नको.

74 झाल्यात.