‘धरण निम्मं भरलंय, मग टंचाई कुठली?’ या मेसेजचा प्रतिवाद

गेले काही आठवडे एक मेसेज फिरतोय. मला तो चार ग्रुपवरून आला. धरणाच्या भिंतीचा फोटो, पाणी भिंतीच्या मध्यापर्यंत, आणि खाली मजकूर: धरण निम्मं भरलेलं आहे, नदी वाहते आहे, परवाच्या पावसाने विहिरींचं पाणीही वर आलं, तरी पाणीकपातीची भाषा चालू आहे. धरणाचा आकडा रोज मिळतो, मग नदीचे आणि विहिरींचे वेगळे आकडे घेत बसायची गरज काय? ते आकडे मागून बदलतातही, म्हणजे बसून तयार केलेले. आणि कमी पडलंच तर बोअर आणखी खोल घ्या, जमिनीच्या पोटात पाण्याला तोटा नाही.

मी पाणी मोजण्याचंच काम करते. हा मेसेज लिहिणाऱ्याचा त्रागा मला समजतो. कपात कुणालाच नको असते. पण कोरड्या उन्हाळ्यात लोक असे मेसेज खरे मानून पंप चालू ठेवतात, बोअरला पैसे घालतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘धरण निम्मं भरलेलं आहे.’

फोटोतलं पाणी भिंतीच्या निम्म्या उंचीवर आहे, हे खरं. पण खोरं तळाशी अरुंद आणि वर रुंद असतं, त्यामुळे निम्मी उंची म्हणजे निम्मा साठा नव्हे. जलाशय उलट्या शंकूसारखा आहे असं समजा. पातळी निम्म्यावर आली की त्यात आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के पाणी उरतं. खरं खोरं इतकं नेटकं नसतं, पण चूक होते ती याच दिशेने. म्हणून प्रत्येक धरणाचा पातळी आणि साठा यांचा तक्ता असतो, आणि भिंतीवरची खूण त्या तक्त्यातून गेल्याशिवाय तिला अर्थ येत नाही.

तक्त्यातून निघालेली टक्केवारीसुद्धा कशाची ते विचारावं लागतं, एकूण साठ्याची की उपयुक्त साठ्याची. पाणी सोडायच्या सर्वांत खालच्या दाराखाली जे उरतं तो मृतसाठा. तो आकड्यात दिसतो, नळाला येत नाही. केप टाउनमध्ये २०१८ साली माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली होती, आणि धरणांचा साठा साडेतेरा टक्क्यांवर उतरला की घरोघरचे नळ बंद करायचं ठरलं होतं. शून्याची वाट बघायचं कुणी ठरवलं नव्हतं, कारण तळाचं शेवटचं दहा टक्के पाणी उपसणं फार अवघड. त्यातच गाळ. अमेरिकेतल्या लेक पॉवेल जलाशयाचा तळ पुन्हा मोजला, तेव्हा १९६३ ते २०१८ या काळात त्याची क्षमता सुमारे ६.८ टक्क्यांनी घटल्याचं निघालं. जुन्याच तक्त्यावर हिशेब करत राहिलं तर तळाशी गाळ असलेली जागाही पाणी म्हणून मोजली जाते.

आणि धरण आज किती भरलंय यापेक्षा ते किती दिवस पुरेल हे महत्त्वाचं. कडक उन्हात उघड्या पाण्यावरून दिवसाला ७ मिलिमीटर वाफ सहज होते. एक चौरस किलोमीटर जलाशयावर त्याचे ७० लाख लिटर होतात, एका दिवसात, एक थेंबही कुणी न वापरता. याच तारखेला इतर वर्षी साठा किती असायचा, वरून येणारी आवक किती, रोजचा खर्च किती, हे कळल्याशिवाय ‘निम्मं’ या शब्दावरून काहीच ठरवता येत नाही.

‘नदी वाहते आहे.’

कुठून वाहते आहे? धरणाच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात दिसणारं पाणी बहुधा धरणातूनच सोडलेलं असतं. मेसेजमध्ये तेच पाणी दोनदा मोजलंय, एकदा धरणात आणि एकदा नदीत. धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे नदी स्वतःच्या जिवावर वाहते, तिथे कोरड्या दिवसांत तिला पाणी पुरवते ती जमीन. भूजल काठातून हळूहळू पाझरतं, तो पायाप्रवाह. म्हणजे वाहती नदी त्या वेळी विहिरीच्याच पाण्यावर चाललेली असते. हा प्रवाह रोज थोडा थोडा घटत जातो, आणि तो घटण्याचा वेग आम्हाला पुढच्या महिन्याबद्दल बरंच सांगतो. काठावर उभं राहून बघणाऱ्याला हा वेग दिसत नाही.

काठावरची मोजपट्टीही फसवते. उन्हाळ्यात पात्रात पाणगवत माजतं, पाणी त्याच्यामागे तुंबतं आणि पट्टीवर पातळी चढते. अशा एका सकाळी पट्टीवर पाणी आदल्या आठवड्यापेक्षा दोन बोटं वर होतं. आम्ही पात्रात आडवी दोरी ताणली, गुडघाभर पाण्यात उतरलो आणि पंचवीस ठिकाणी वेग मोजला. पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर वेगमापक धरायचा, चाळीस सेकंद त्याच्या फेऱ्या मोजायच्या, एक पाऊल सरकायचं, पुन्हा धरायचा. हिशेब मांडला तर प्रवाह घटलेला निघाला. पातळी वर, पाणी कमी. पट्टीच्या आकड्यावर विसंबलो असतो तर उलटीच बातमी दिली असती.

उलट्या बाजूची अफवाही तितकीच चुकीची असते, हेही सांगायला हवं. ऱ्हाइन नदीवर काउब इथल्या पट्टीने ऑक्टोबर २०१८मध्ये २५ सेंटीमीटर दाखवले, याचा अर्थ नदी वीतभर खोल उरली असा होत नाही. पट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो. जहाजांच्या मार्गात पाणी तिथे त्याहून मीटरभर जास्त होतं.

‘विहिरींचं पाणी वर आलं.’

या मुद्द्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण लोकांनी ते खरोखर डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पातळी वर आली हे खरंच आहे. पण पाऊस पडला की दोन-तीन दिवस सगळ्यांचे पंप बंद राहतात. उपसा चालू असताना विहिरीभोवतीचं भूजल फनेलच्या आकारात खाली ओढलं जातं. पंप थांबला की आजूबाजूचं पाणी सरकून तो खड्डा भरतं. विहीर वर येते, जमिनीत मात्र नवीन काही आलेलं नसतं. म्हणून निरीक्षण विहीर उपशापासून लांबची निवडायची, आणि पाण्याला टेकताच वाजणारी फीत सोडून ‘बीप’ ऐकू येईपर्यंतची खोली ठरल्या वेळीच नोंदवायची. हा आग्रह बाहेरच्याला हट्ट वाटतो, पण त्याशिवाय दोन नोंदींची तुलनाच होत नाही.

दुसरं, मीटरभर चढ म्हणजे किती पाणी? कठीण खडकात भेगांचीच जागा असते. शंभरात दोन भाग जागा धरली तर एक मीटर चढायला फक्त २० मिलिमीटर पाणी मुरावं लागतं. वाळूच्या थरात शंभरात वीस भाग धरले तर तेवढ्याच चढाला २०० मिलिमीटर लागतं. खडकातली विहीर झटकन चढते, तशीच झटकन उतरते. तिचा आनंद चार दिवसांचा.

काही खोल विहिरी तर पाऊस पडायच्या आधीच वर येतात. वर-खाली न पाझरणारे थर असलेल्या बंदिस्त जलधरात, म्हणजे जमिनीतल्या पाणी धरणाऱ्या थरात, हे होतं. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने उतरला म्हणजे विहिरीतल्या पाण्यावरचा सुमारे १० सेंटीमीटर पाण्याइतका भार कमी होतो, आणि त्यातला काही हिस्सा पातळीत चढलेला दिसतो. एक थेंबही न मुरता.

उन्हाळी पावसाचं पाणी पहिल्यांदा पितो तो वरचा तापलेला मातीचा थर आणि झाडांची मुळं. त्यांची तहान भागल्यावर उरेल ते खाली. उन्हाळ्यातल्या पावसाने भूजल भरूच शकत नाही, असा माझा दावा नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली एप्रिलपासून इतका पाऊस झाला की दुष्काळ संपून पूर आले आणि भर उन्हाळ्यात भूजल चढलं. पण तो महिनोन् महिने पडलेला पाऊस होता, आणि भूजल चढलं हे कळलं तेही विहिरी नियमित मोजल्या जात होत्या म्हणून.

‘एक धरणाचा आकडा पुरे.’

कॅलिफोर्नियातलं ओरोव्हिल धरण ऑगस्ट २०२१मध्ये इतकं आटलं की तिथलं वीजकेंद्र बंद करावं लागलं. २०२३मध्ये तेच धरण काठोकाठ भरलं. त्याच राज्यातल्या सॅन वाकीन खोऱ्यात मात्र दशकानुदशकांच्या उपशाने खचलेलं भूजल एका ओल्या हिवाळ्याने भरून निघालं नाही. धरण एका मोसमात भरतं, नदी एका दिवसात चढते, भूजलाला वर्षं लागतात. एकाचा आकडा दुसऱ्याच्या वतीने बोलत नाही. उपग्रहावरही सगळं सोपवता येत नाही. ग्रेस ही उपग्रहांची जोडी २००२पासून गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून पाण्याचा अंदाज देऊ लागली आणि ते काम फार मोलाचं आहे, पण तिची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याची. एका तालुक्यातल्या विहिरी तिला दिसत नाहीत.

‘आकडे मागून बदलतात.’

बदलतात, आणि बदलायलाच हवेत. रोजचा आकडा तात्पुरता असतो. वारा जलाशयाचं पाणी एका काठाकडे ढकलतो, गवत माजतं, पुराने पात्राचा तळ सरकतो. प्रत्यक्ष मोजणी करून आल्यावर जुनी नोंद दुरुस्त करायची असते. वर सांगितलेल्या सकाळनंतर आम्हीही आधीचे आकडे बदलले. ते न बदलणं ही लबाडी झाली असती.

‘बोअर खोल घ्या.’

अमेरिकी भूजलतज्ज्ञ चार्ल्स थाइस यांनी १९४०मध्येच मांडून ठेवलंय: विहिरीतून काढलेलं पाणी कुठून तरी कमी झालेलं असतं. आधी जमिनीतल्या साठ्यातून, मग झऱ्यांतून आणि नदीतून. खोल बोअर शेजारच्या उथळ विहिरीचं आणि वर सांगितलेल्या पायाप्रवाहाचंच पाणी ओढते. कधी लगेच, कधी काही वर्षांनी. फार खोलवरचं पाणी तर फार जुनं असतं आणि परत भरायला तितकाच काळ घेतं.

सॅन वाकीन खोऱ्यात मेंडोटाजवळचा १९७७चा एक फोटो आहे. भूशास्त्रज्ञ जोसेफ पोलंड विजेच्या खांबाच्या पायथ्याशी उभे आहेत. खांबावर, त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर, १९२५ची पाटी आहे: त्या वर्षी जमीन तिथे होती. मधल्या ५२ वर्षांत उपशाने ती सुमारे ९ मीटर खचली. खालचे मातीचे थर दबले, आणि दबलेल्या थरांत पाणी धरायला पूर्वीइतकी जागा उरली नाही. नंतर कितीही पाऊस पडला तरी ती जागा परत उघडत नाही. मेसेजमध्ये ‘तोटा नाही’ असं लिहिलंय ते जमिनीच्या पोटातल्या याच पाण्याबद्दल.