बांगड्याला पंधरा हजार लिटर पाणी लागत नाही

श्रावण लागला की तो मजकूर न चुकता येतो. गावच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर. त्याचा गाभा असा: माणसाचं शरीर शाकाहारासाठीच घडलंय, मांस-मासे आतड्यात तीन दिवस सडत पडतात, आपली संस्कृती मुळातच शाकाहारी, एक किलो मांसाला १५ हजार लिटर पाणी लागतं, म्हणून मासे खाणारे पृथ्वीचे वैरी, आणि दूधसुद्धा सोडलं तरी झाडपाल्यातून सगळं मिळतं.

मी वेंगुर्ल्याच्या बाजूची. माझे सासरे माळकरी होते. त्यांची भांडी वेगळी, त्यांचं शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण आधी व्हायचं, आणि मागच्या पडवीत मी बांगडे साफ करायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी आम्हाला नावं ठेवली नाहीत, आम्ही त्यांना नाही. शाकाहाराशी माझं भांडण नाही. भांडण या मजकुराशी आहे, कारण माझ्या भाचीनं तो खरा मानला. दोन वर्षांपूर्वी तिनं मासे, अंडी, दूध, दही सगळं एकदम सोडलं. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी दात आणि आतडी. सुळे लहान म्हणून माणूस शाकाहारी, असं त्यात म्हटलंय. कस्तुरीमृगाच्या नराचे सुळे ओठाबाहेर लोंबतात आणि तो पाला खातो. सुळ्यांवरून आहार ठरत नाही. आतड्यांचं म्हणाल तर गाईला चार कप्प्यांचं पोट आहे, ती रवंथ करते. आपल्याला यातलं काही नाही. गोरिला आणि चिंपांझी यांच्या पचनमार्गाचा मोठा हिस्सा मोठ्या आतड्याचा असतो, कारण त्यांना भरपूर पाला आंबवून पचवावा लागतो. आपल्यात उलटं आहे: निम्म्याहून जास्त हिस्सा लहान आतड्याचा. हे मऊ, शिजवलेलं, सकस अन्न खाणाऱ्या प्राण्याचं पोट आहे. त्यात भात-डाळही पचते आणि माशाचं तिखलंही. शरीर शाकाहारी नाही, तसं मांसाहारीही नाही. ते मिश्राहारी आहे, आणि म्हणूनच आपल्याला निवड करता येते.

तीन दिवस सडण्याची गोष्ट तर सरळ चुकीची आहे. मासा काही तासांत जठरातून पुढे सरकतो, त्यातली प्रथिनं लहान आतड्यात सुटी होऊन रक्तात जातात. मोठ्या आतड्यापर्यंत पोचून जिवाणूंकडून आंबतो तो मुख्यतः चोथा, म्हणजे वाल, चवळी, फणसाची भाजी यांतला. ते चांगलंच आहे, आतड्याला हवंच असतं. पण ज्याला ‘सडणं’ म्हणतात त्याच्या जवळ जाणारं काही पोटात होत असेल तर ते बांगड्याचं होत नाही.

आता संस्कृती. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. गणपतीचा नैवेद्य शिवराक, मोदकाचा. पण त्याच घरात गौर येते आणि कोकणातल्या कितीतरी घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतात. कुठे मटण, कुठे कोंबडीवडे, कुठे कुर्ल्या म्हणजे खेकडे. एकाच मखराखाली मुलगा शाकाहारी आणि आई मांसाहारी, आणि दोघंही देव. गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा देतात तोही देवाच्याच नावानं. सारस्वत ब्राह्मण मासे खातात, शेजारचे चित्पावन खात नाहीत. सोमवार, एकादशी, श्रावण पाळणारी तीच माणसं नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या लोटतात. यातलं कुठलं मूळ आणि कुठलं उपरं, हे ठरवायला पाठवणाऱ्याला कुणी सांगितलं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ८३ टक्क्यांहून जास्त आणि बायकांपैकी सुमारे ७० टक्के जणांनी मासे, कोंबडी किंवा मटण कधी ना कधी खातो असं सांगितलं. शाकाहाराची परंपरा आपलीच आहे, मोठी आहे. पण ती एकटी नाही. सगळी संस्कृती तिचीच म्हणायची, तर गौरीला जेवू घालणाऱ्या बाईला तिच्याच घरात परकं ठरवावं लागतं.

पाण्याचा आकडा पूर्ण खोटा नाही, म्हणून जास्त फसवतो. १५ हजार लिटर ही एक किलो गोमांसाची जागतिक सरासरी आहे, आणि त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पाणी म्हणजे कुरणावर आणि चाऱ्याच्या शेतावर पडणारा पाऊस. कोंबडीचा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. आणि समुद्रातला बांगडा? त्याला कुणी चारा पेरत नाही, विहिरीचं पाणी पाजत नाही. खाडीच्या चिखलात बसून आमच्या बायका मुळे आणि तिसऱ्या हे शिंपले काढतात, ते तर पाणी गाळून स्वतःच वाढतात. गोमांसाचा हिशेब त्यांच्या टोपलीवर लावणं हा अन्याय आहे.

समुद्र संकटात आहे, हे मात्र खरं. आमच्याइतकं ते कुणाला माहीत असणार? पण तो कशानं रिकामा होतोय ते नीट बघा. एलईडीच्या झोतानं मासे गोळा करून उपसणं, पर्ससीनच्या मोठ्या घेरजाळ्यानं अख्खा थवा वेढून नेणं, ट्रॉलर बोटींच्या जाळ्यानं तळ खरवडणं, पिल्लं आणि तारली मासे फिशमिलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या, कारखान्यांना घालणं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं; ते गाव ओढतो आणि गाव वाटून घेतो. किनाऱ्याला जे येईल तेवढंच. मालवणपासून रत्नागिरीपर्यंत पारंपरिक मच्छीमार पर्ससीन आणि एलईडीविरुद्ध वर्षानुवर्षं लढतायत. राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा आहे, पर्ससीनवर निर्बंध २०१६ मध्ये आले, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, आणि २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवलं गेलं. समुद्राची कळकळ असेल तर या नियमांची अंमलबजावणी मागा, बाजारात तळहाताएवढं पापलेट दिसलं तर घेऊ नका. नुसता मासा वर्ज्य केल्यानं पर्ससीनचा मालक थांबत नाही, टोपली घेऊन दारोदार फिरणारी बाई तेवढी बसते.

कर्करोगाचा एक मुद्दा मजकुराच्या शेवटी चिकटवलेला असतो. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि लाल मांस ‘बहुधा’ या गटात ठेवलं. ते मान्य करावं आणि कमी खावं. ताज्या माशाचा त्या निर्णयात समावेश नव्हता.

आणि आता भाची. मजकुरात लिहिलंय की बी-१२ हे जीवनसत्त्व न धुतलेल्या भाजीतून, आंबवलेल्या पदार्थांतून, स्पिरुलिनातून मिळतं. बी-१२ जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राणिज अन्नातून येतं. भाजीच्या मातीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि स्पिरुलिनात असतं ते बहुतेक नकली, शरीराला न वापरता येणारं. मोठ्या माणसाची गरज दिवसाला जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम. एक मध्यम बांगडा ती भागवून उरतो. दूध-दही खाणाऱ्याला थोडं थोडं मिळत राहतं. दूधही सोडलं तर गोळी किंवा बी-१२ घातलेलं अन्न घ्यावंच लागतं. जगभरचे जाणते वीगन, म्हणजे दूध-अंडीही न खाणारे, हे स्वतः सांगतात. आमच्या मजकुरात ते एक वाक्य नव्हतं.

पोरीच्या हातापायांना मुंग्या यायला लागल्या. शिलाईची सुई हातातून सुटायची. आम्हाला वाटलं कामाचा थकवा. मग ती गरोदर राहिली, रक्त तपासलं आणि बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं चालू झाली. त्या रात्री माझी बहीण फोनवर रडली, “आमी तां वाचलांव आणि खरां मानलांव गो.”

आमच्या बाजूचंही एक सांगते. बाळंतिणीला मोरी, म्हणजे लहान शार्क मासा, खाऊ घालण्याची आपली रीत आहे. मोरी हा शिकारी मासा, त्याच्यात पारा साठतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं ती टाळावी, बांगडा-तारली खावी. जुनं म्हणून ते बरोबरच, असं मी तरी म्हणणार नाही.

भाची अजून मासे खात नाही. माशाच्या डोळ्यांकडे बघवत नाही, म्हणते. हे कारण मला पूर्ण पटतं. दयेला आतड्याच्या लांबीचा पुरावा लागत नाही. दूधही तिला नकोय, आणि कोकणात त्याची अडचण नाही: ओल्या काजूची उसळ, कुळथाची पिठी, नारळाच्या रसातली अळूची भाजी, सोलकढी, यांत दुधाचा थेंब नसतो. मी करून पाठवते आणि डब्याबरोबर फोन करते, “गोळी घेतलंस काय?”

परवा तोच मजकूर ग्रुपवर परत आला. तिनं त्याखाली आपला रक्ताचा रिपोर्ट टाकला.