‘सायकल नको गं, चालत जा’

पुण्याहून आईचा फोन आला की ठेवताना एक वाक्य ठरलेलं असतं, ‘सायकल नको गं, चालत जा.’ लंडनमध्ये अकरा वर्षं मी सायकलनं कामावर जाते. आईची काळजी मला कळते. पण गेल्या पावसाळ्यात कर्वे रोड ओलांडताना मोटारसायकलचा धक्का लागून पडले ते बाबा. दूध आणायला चालतच निघाले होते. मांडीचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणात गेले. तरी घरात कुणी म्हणालं नाही की चालणं धोक्याचं आहे.

चालण्यापेक्षा सायकल धोक्याची, ही समजूत इथल्या ऑफिसातही भेटते. ब्रिटनच्या रस्त्यांवर 2019 साली अपघातांत 100 सायकलस्वार मेले आणि 470 पादचारी. आता चालणारे कितीतरी जास्त, त्यामुळे नुसत्या या आकड्यांवरून काही ठरत नाही. किती अंतर कापलं त्यानं भागावं लागतं. मैलामागे पाहिलं तर दोघांच्या मृत्यूचा धोका जवळपास सारखा निघतो, काही वर्षी पादचाऱ्यांचा थोडा जास्तच. तासामागे पाहिलं तर मात्र सायकलचा धोका जास्त निघतो, कारण चालणाऱ्याच्या सुमारे तिप्पट अंतर ती तेवढ्याच वेळात कापते. मला पाच मैलांवरच्या कामाला पोचायचं असतं, म्हणून मी मैलाचा हिशोब धरते. नुसतं तासभर फिरायला निघणाऱ्यानं तासाचा धरावा.

दुखापती मैलामागे सायकलवाल्यांना बऱ्याच जास्त होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नोंद कशी होते तेही पाहायला हवं. मी ओल्या रस्त्यावर एकटीच घसरून पडले आणि पोलिसांना कळवलं, तर तो रस्त्यावरचा अपघात. फूटपाथच्या उचललेल्या फरशीला अडखळून एखाद्या आजींचा खुबा मोडला, तर वाहनाचा संबंध नाही म्हणून त्या या मोजणीत येतच नाहीत.

आणि जीव जातो तो कशानं? लंडनमध्ये सायकलस्वारांच्या मृत्यूंत अवजड ट्रकांचा वाटा मोठा राहिला आहे. ट्रक डावीकडे वळतो आणि उंच केबिनमधून चालकाला शेजारची सायकल दिसत नाही. चौकात कडेला उभा असलेला माणूसही त्याला तसाच दिसत नाही. म्हणून 12 टनांवरच्या ट्रकांना चालकाला थेट बाहेरचं किती दिसतं ते तपासून परवाना देतात. मार्च 2021पासून त्याशिवाय शहरात आलं तर दंड होतो. 2022च्या बदललेल्या नियमांनुसार वळणाऱ्या वाहनानं, सायकलनंसुद्धा, रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसाला आधी वाट द्यायची. दोन्हींचा फायदा पायी चालणाऱ्यालाही आहे.

म्हणूनच पुण्यातले वाद वाचताना जीव तुटतो. एक बाजू म्हणते, सायकल ट्रॅक कुणी वापरत नाही, काढून टाका. दुसरी तो ट्रॅक फूटपाथवरच रंगवून समाधान मानते. मग पाच फुटांच्या पट्ट्यात सायकलवाला, चालणारे आजोबा, टपरी आणि वर चढलेल्या दुचाकी, सगळे एकमेकांवर चिडतात. थेम्सच्या काठानं मी ज्या ट्रॅकवरून जाते, त्याला जागा मोटारींची लेन कमी करून दिली. त्यावरही भरपूर आरडाओरडा झाला होता, पण फूटपाथ कापला नाही. पुण्यातही ट्रॅक हवा असेल तर जागा रस्त्याकडेच्या पार्किंगमधून घ्या, चालणाऱ्याच्या वाट्यातून नको.

भारतात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यात पादचारी सुमारे 33 हजार, सायकलस्वार पाच हजारांच्या आत. यावरून आपल्याकडे सायकल निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात सायकली उरल्यात किती? रस्त्यावरून माणूस हटला की त्याच्या अपघाताचा आकडाही कमी होतो, आणि कागदावर ते सुधारणेसारखं दिसतं.

बाबा आता काठी घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत जातात. दूध शेजारचा मुलगा आणून देतो. कर्वे रोड त्यांनी त्यानंतर ओलांडलेला नाही.